भिंतीआडची हाक

आमच्या नर्सिंग होमच्या जिन्याच्या वळणावर एक लहानशी खिडकी आहे. बांधकाम करताना ती उजेडासाठी ठेवली होती. पुढे मात्र कितीतरी वर्षे सर्वांच्या तोंडी तिचे नाव ‘रेंजची खिडकी’ असेच राहिले. बाळाचे वडील, आजोबा, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, आमच्या सिस्टर, सारे त्या वळणावर दाटीवाटीने उभे राहून मोठमोठ्याने बोलत असत. खाली परतताना कोणी मराठीत ‘रेंज नाही’ म्हणे, कोणी तेलुगूत ‘सिग्नल लेदु’ म्हणे. आदिलाबादेत अशी खिडकी, असा कठडा किंवा असा गच्चीचा कोपरा नसलेला दवाखाना क्वचितच असेल. आपल्या व्यवसायबंधूंपैकी अनेकांनी या दुखण्यावर उपाय म्हणून भिंतीवर एक लहानशी पेटी लावून घेतली आहे, किंवा लावण्याच्या विचारात आहेत. तशी पेटी मीही लावली होती. स्मरणिकेसाठी वैद्यकीय विषयावर लिहावे असा संपादकांचा आग्रह होता. माझ्या मते हा विषय वैद्यकीयच आहे.

२०१५ च्या पावसाळ्यातील एक रात्र. आमच्या नवजात कक्षात तेहतीस आठवड्यांचे एक बाळ होते आणि ते मधूनमधून श्वास घ्यायचे विसरत होते. मुदतपूर्व बाळांत हे नवे नाही. तळपायाला टिचकी मारली की बहुधा ते पुन्हा श्वास घेते. त्या रात्री ते टिचकीने भागेना. कक्ष इमारतीच्या मधोमध, एका बाजूला क्ष-किरण खोली, दुसऱ्या बाजूला शस्त्रक्रियागृह. सिस्टर एका हाताने मास्क धरून बॅग दाबत होत्या. फोन लावण्यासाठी त्यांनी आयाबाईला पिटाळले. पावसाने दूरध्वनीची तार दोन दिवस बंद होती. आयाबाई धावत जिन्यावर गेल्या, तिसऱ्या प्रयत्नात फोन लागला. माझे घर दोन गल्ल्या पलीकडे. मी पोचलो तेव्हा बाळ गुलाबी झाले होते, ते सर्वस्वी त्या सिस्टरच्या हातामुळे. आईवडिलांना यातले काहीच कळले नाही. मला मात्र ते तीन प्रयत्न पुढे कित्येक दिवस झोपू देईनात.

आमचा पहिला दवाखाना भाड्याच्या जुन्या वाड्यात होता. मातीच्या भिंती, सागवानी खांब, वर कवेलू. तेथे मोबाइल कोठेही चाले. २००४ साली आम्ही स्वतःची इमारत बांधली ती काँक्रीटची, आणि उन्हाळ्याचा ताप सोसवेना म्हणून पुढे दर्शनी भागाला चकाकणारी काच व ॲल्युमिनियमचे पत्रे लावले. आदिलाबादचा मे महिना ज्यांनी अनुभवला आहे ते या खर्चाला नावे ठेवणार नाहीत. परंतु जी काच उन्हाची धग परतवते ती धातूच्या अतिपातळ थराच्या बळावर, आणि धातू रेडिओलहरींनाही तसाच परतवतो. काँक्रीटमधील लोखंडी सळ्यांची जाळी उरलेले काम करते. क्ष-किरण खोलीच्या शिशाबद्दल तर बोलायलाच नको.

हे नुकसान डेसिबलमध्ये मोजतात. आपल्याला हे माप श्रवणचाचणीमुळे परिचित आहे: दहा डेसिबल घट म्हणजे शक्तीचा एक दशांश उरला, वीस म्हणजे एक शतांश. साध्या विटेच्या भिंतीत काही थोडे डेसिबल जातात; सळईच्या काँक्रीटमध्ये दहा-वीस सहज, आणि धातूचा थर दिलेल्या काचेत वीस-तीससुद्धा. लहरींची वारंवारता जितकी अधिक तितके भिंतीत शिरणे साधारणपणे कठीण. म्हणूनच ९०० मेगाहर्ट्‌झवर चालणारा जुना फोन ज्या खोलीत कसाबसा लागे, तेथे ३५०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासची ‘फाइव्ह-जी’ हात टेकते. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात मध्ये भिंती असताना विनातार लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली, तेव्हा लोक थक्क झाले होते. त्या भिंतींत लोखंडी सळ्या आणि ॲल्युमिनियमचे पत्रे असते तर तो प्रयोग कदाचित इतका सुकर झाला नसता.

त्या रात्रीनंतर पंधरा दिवसांत मी बाजारातून एक बूस्टर, म्हणजे रिपीटर आणला. त्याची रचना सोपी. गच्चीवर एक अँटेना टॉवरकडे तोंड करून; तेथून केबल खाली; मध्ये विवर्धक पेटी; आणि आतल्या दालनात दुसरी लहान अँटेना. टॉवरचे बोलणे पेटी मोठे करून आत सोडते, आणि आतल्या फोनचे बोलणे मोठे करून टॉवरकडे पाठवते. पेटीवर ‘सत्तर डेसिबल’ असे छापले होते. म्हणजे शक्ती एक कोटी पटीने वाढवणारी. बसवणाऱ्या तरुणाने अर्ध्या दिवसात काम उरकले. नवजात कक्षात फोनवर पाचही रेघा उमटल्या आणि मी कृतार्थ झालो. दोन मित्रांना तीच पेटी घेण्याचा सल्लाही दिला, हे येथे कबूल करणे भाग आहे.

सुमारे तीन महिन्यांनी एका दुपारी बाह्यरुग्ण विभाग चालू असताना दोन तरुण आले. एकाच्या हातात माशाच्या काट्यासारखी अँटेना, दुसऱ्याच्या हातात पडदा असलेले यंत्र. एका मोबाइल कंपनीचे अभियंते होते. आठवडाभर ते गल्ल्या पालथ्या घालत होते. त्यांच्या टॉवरला कोणीतरी ‘बहिरे’ करत होते, आणि माग काढत काढत ते माझ्या गच्चीखाली येऊन उभे राहिले होते.

त्यांनी जे समजावले ते मी वैद्यांच्या भाषेत सांगतो. टॉवर दहा-वीस वॅट शक्तीने बोलतो. त्याचे बोलणे दूरवर ऐकू जाते. उलट फोन फार क्षीण आवाजात उत्तर देतो, जुना जीएसएम फोन जास्तीत जास्त दोन वॅट, आजचे फोन साधारण एक पंचमांश वॅट. तेव्हा टॉवरचे खरे कौशल्य बोलण्यात नसून ऐकण्यात असते. छातीवर स्टेथोस्कोप ठेवून आपण एखाद्या अर्भकाचे क्षीण श्वासध्वनी टिपत आहोत आणि खिडकीबाहेर कोणी जनरेटर सुरू केला, तर काय होईल? श्वास तितकाच आहे, कानही तेच आहेत. ऐकू मात्र येत नाही. माझी पेटी नेमके हेच करत होती. आत एकही फोन बोलत नसताना ती आपली स्वतःची खरखर मोठी करून दिवसरात्र टॉवरच्या कानात ओतत होती. वर आणखी एक दोष होता. गच्चीवरची आणि आतली अँटेना एकमेकींना ‘ऐकत’ होत्या. लग्नाच्या मांडवात माइक कर्ण्यासमोर आला की जी शीळ घुमते, तीच शीळ आमच्या पेटीत घुमत होती, फक्त माणसाच्या कानाला न कळणारी. ती टाळायची तर दोन अँटेनांमधील अडसर पेटीच्या विवर्धनाहून पुष्कळ अधिक असावा लागतो. आमच्या दुमजली इमारतीत सत्तर डेसिबलच्या पेटीसाठी तेवढा अडसर मिळणे अवघडच होते.

टॉवर बहिरा झाला की सर्वांत आधी तुटतो तो सर्वांत दूरचा माणूस. टॉवरजवळच्या बाजारपेठेतल्या दुकानदाराला काही जाणवत नाही. जीएसएमच्या रचनेत टॉवरचा पल्ला अधिकात अधिक पस्तीस किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. त्या काठावरच्या पाड्यातील, गुड्यातील फोन मुळातच कुजबुजत असतो. त्याची कुजबुज माझ्या खरखरीत बुडाली. त्याच्या फोनवर रेघा दिसत, कारण टॉवरचे बोलणे त्याला पोचत होते. पण क्रमांक लावला की फोन लागत नसे.

त्याच महिन्यात, अभियंते येण्यापूर्वी, एका खेड्यातून पाच महिन्यांचे बाळ अतिसाराने सुकून माझ्याकडे आले होते. डोळे खोल गेलेले, टाळू आत ओढलेली. मी त्याच्या बापाला, मला आठवते त्याप्रमाणे बऱ्याच चढ्या स्वरात, विचारले होते की रात्रीच १०८ ला फोन का केला नाही. तो म्हणाला, रात्रभर लावत होतो साहेब, लागतच नव्हता. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. बाळ सलाइनवर सुधारले आणि चौथ्या दिवशी घरी गेले. ते गाव माझ्या गच्चीवरच्या अँटेनेने ज्या टॉवरकडे तोंड केले होते, त्याच टॉवरच्या पलीकडच्या टोकाला होते. त्या रात्री त्याचा फोन माझ्याच पेटीने अडवला की पावसाने, की त्याच्या बॅटरीने, याचा निवाडा करण्याचे साधन नाही. अभियंते निघून गेल्यावर मी त्या बाळाचा केसपेपर काढून पत्ता पाहिला, एवढे खरे.

पेटी त्याच संध्याकाळी उतरवली. सर्दीला प्रतिजैविके लिहून देणाऱ्या सहकाऱ्यांवर मी अनेक सभांतून टीका केली आहे: एका रुग्णाच्या समाधानासाठी साऱ्या गावाचे औषध बोथट करू नका, असे मी सांगत असे. रेडिओलहरीही तशाच सामायिक आहेत, हे मात्र मला एका पंचविशीच्या अभियंत्याने सांगावे लागले.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे, आणि तो नवा नाही. १८८५ चा तार अधिनियम आणि १९३३ चा बिनतारी तार अधिनियम यांनुसार परवान्याशिवाय असे यंत्र बाळगणेही गुन्हा होता. त्यांच्या जागी २०२३ चा दूरसंचार अधिनियम आणण्यात आला. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने जाहीर सूचना काढून बजावले की परवानाधारक मोबाइल कंपन्यांखेरीज कोणीही रिपीटर वा बूस्टर बाळगणे, विकणे किंवा वापरणे बेकायदेशीर आहे. दुकानात मिळते म्हणून ते वैध, अशी समजूत आपल्या मंडळींत सर्रास आढळते.

मग रिपीटर वाईट काय? मुळीच नाही. कंपनीने मोजमाप करून, आपल्याच वारंवारतेपुरता, विवर्धन आवरून बसवलेला रिपीटर उत्तम काम करतो. मोठ्या रुग्णालयांत कंपन्या मजल्यामजल्यावर लहान अँटेनांचे जाळे टाकतात. बोगद्यांत आणि खाणींत तर मुद्दाम ‘गळकी’ ठेवलेली केबल वापरतात, जिच्या लांबीभर लहरी पाझरत राहतात. अडचण तांत्रिक कमी आणि व्यवहाराची जास्त. मुंबईची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा भुयारात यंत्रणा कोणी टाकायची आणि तिचे भाडे कोणी किती द्यायचे यावरून मेट्रो व कंपन्या यांच्यात दीर्घकाळ वाद चालला आणि प्रवासी मुके फोन घेऊन प्रवास करत राहिले. जेथे लाखो ग्राहक तेथे ही स्थिती, तर वीस खाटांच्या दवाखान्याचा अर्ज कोणत्या फाइलीत पडतो हे मी अनुभवाने जाणतो. ऑक्टोबर २०२४ मध्येच ‘ट्राय’ने इमारतींना आतील संपर्कव्यवस्थेनुसार तारांकने देण्याचे विनियम काढले. मात्र ते ऐच्छिक आहेत. नवी इमारत बांधणाऱ्यांनी निदान केबल-नळ्यांची जागा आधीच सोडावी. मी सोडली नव्हती.

आपल्या सीमाभागाची एक गंमतही सांगतो. पैनगंगेच्या काठावर, जैनथ-बेला भागात, फोन कधी अलीकडचा टॉवर धरतो तर कधी पलीकडचा यवतमाळ-चंद्रपूरचा. दोन्ही निरनिराळ्या दूरसंचार परिमंडळांतले. रोमिंगचे पैसे पडत त्या काळी घरातल्या घरात खोली बदलली की दर बदले! नातेवाइकांत यावर विनोद होत. पण १०८ सारखा क्रमांक कोठे वळेल हे फोनने धरलेल्या टॉवरवरून ठरते. आपल्याकडे ही सेवा २००५ पासून, महाराष्ट्रात २०१४ पासून. गच्चीवरची अँटेना चुकून नदीपलीकडे रोखली गेली, तर आतून केलेली हाक दुसऱ्याच राज्याच्या केंद्रात जाऊ शकते.

‘या लहरींनी बाळाला काही होणार नाही ना?’ हा प्रश्न माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०११ साली या लहरींना ‘२-ब’, म्हणजे कर्करोगाचा संभव मानण्यास मर्यादित पुरावा, या गटात ठेवले. भारताने २०१२ साली टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली. पण एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: रेंज जितकी कमी तितका हातातला फोन अधिक जोर लावून बोलतो. बॅटरी लवकर संपते ती त्यामुळेच. तेव्हा टॉवर नको म्हणून आंदोलन करणारे आणि तोच फोन उशाशी घेऊन निजणारे यांनी याचा विचार करावा. नवजात कक्षात फोन वॉर्मर आणि इन्फ्युजन पंपापासून हातभर तरी दूर ठेवावा, हा आमचा नियम आहे.

आज आमच्याकडे काय आहे? डिसेंबर २०१९ पासून देशात वाय-फायवरून साधे फोन लावण्याची सोय सुरू झाली. भिंतीतून लहर जात नाही, पण तार जाते. फायबर आतपर्यंत आणून नवजात कक्षात एक लहान वाय-फाय पेटी लावली आहे, ती इन्व्हर्टरवर. ड्यूटीवरच्या प्रत्येक सिस्टरच्या फोनवर ही सोय चालू आहे की नाही, हे पाळी बदलताना तपासले जाते. फायबर तुटले तर ही सोयही बंद पडते, आणि रस्त्याच्या खोदकामात ते वर्षातून दोनदा तरी तुटतेच.

म्हणून नवजात कक्षातून माझ्या घरापर्यंत, दोन गल्ल्या ओलांडून, विजेच्या घंटेची एक तारही ओढून घेतली आहे. सिस्टरने वॉर्मरशेजारचे बटण कोपराने दाबले की माझ्या उशाशी घंटा वाजते. दर रविवारी रात्री नऊ वाजता ती वाजवून पाहतात. पाहुणे असले तर दचकतात.