ॲप चार, टॉवर एक

पावसाळ्यात महाड-पोलादपूरकडच्या एखाद्या घरातला फोन बघा. गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो, वाडीचा वेगळा, मुंबईकर मंडळाचा तिसरा. शिवाय हवामान खात्याचं 'मौसम', विजेचा इशारा देणारं पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी', शेतीसाठी 'मेघदूत' आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत'. निरोपच द्यायचा तर एवढी सॉफ्टवेअर कशाला? एकच चांगलं का करत नाहीत? प्रश्न रास्त आहे. आज आपण त्याचंच उत्तर शोधू.

महाडच्या स्टँडवरून पोलादपूरला एसटी जाते, मिनिडोरही जाते. रस्ता तोच, तरी दोन्ही चालतात, कारण एकीला वेळापत्रक आहे आणि दुसरी गाडी भरली की सुटते. गरजा वेगळ्या म्हणून साधनं वेगळी, यात वावगं काही नाही. संदेशांच्या सॉफ्टवेअरचंही पहिलं कारण हेच. १९८८ साली फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी लिहिलं ते अनेकांनी एकाच वेळी गप्पा माराव्यात म्हणून. पुढे आलेल्यांना फोटो पाठवायचे होते, कुणाला गुप्तता हवी होती, कुणाला कचेरीतली कामं वाटून द्यायची होती. प्रत्येकाला वाटलं, जुन्याला ठिगळं लावण्यापेक्षा नवीन बरं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा हा स्वभावच आहे म्हणा ना!

पण फरक बघा. एसटीतून उतरून मिनिडोरमध्ये बसता येतं. व्हॉट्सॲपवरचा निरोप आपणहून सिग्नलवर जात नाही. जीमेलवरून रेडिफमेलला पत्र मात्र जातं, कारण ईमेलचे नियम सगळ्यांना खुले आहेत. मग चॅटचं असं का झालं नाही?

झालं होतं! १९९९ साली जेरेमी मिलर यांनी 'जॅबर' आणलं. त्याचीच नियमावली पुढे एक्सएमपीपी म्हणून प्रमाणित झाली. कुणीही आपला सर्व्हर चालवावा आणि दुसऱ्याच्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलावं, अशी ती कल्पना. २००५ साली गूगलनं 'टॉक' त्यावरच उभारलं आणि पुढच्याच वर्षी बाहेरच्या सर्व्हरांसाठी दार उघडलं. २०१३ मध्ये 'हँगआउट्स' आलं तेव्हा ते दार लोटून घेतलं. आम्हाला तरी यात नवल वाटत नाही. उघडं दार लहानांच्या सोयीचं असतं. माणसं एकदा आपल्या अंगणात जमली की दार उघडं ठेवण्यात मोठ्यांना फायदा दिसत नाही. व्हॉट्सॲपची सुरुवातही एक्सएमपीपीच्या बदललेल्या रूपावर झाली, पण त्यांनी बाहेरच्यांसाठी दार ठेवलंच नाही.

दुसरं कारण पैशाचं. सिग्नलची कूटलेखनाची पद्धत २०१६ मध्ये व्हॉट्सॲपनं सगळ्या संदेशांना लावली. म्हणजे कुलूप एकाच जातीचं. तरी २०१८ मध्ये व्हॉट्सॲपचे सहसंस्थापक ब्रायन ॲक्टन यांनी सिग्नलच्या प्रतिष्ठानाला पाच कोटी डॉलर दिले. कशासाठी? कोण कुणाशी कधी बोललं ही नोंद कुणाकडे राहते आणि खर्च कोण उचलतो, यासाठी. हा वाद तंत्राचा नाही, त्यामुळे उत्तम सॉफ्टवेअर लिहून तो मिटतही नाही.

आणि नवीन आलेलं चांगलं असलं तरी टिकेल असं नाही. आपल्याकडचं 'हाइक' २०१२ मध्ये आलं, जानेवारी २०२१ मध्ये त्याची संदेशसेवा बंद झाली. एकट्यानं ॲप बदलून भागत नाही, अख्खी वाडी हलावी लागते.

इशाऱ्यांच्या बाबतीत मात्र जगानं थोडं शहाणपण दाखवलं. २००४ मध्ये 'कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल' ही सामाईक मांडणी प्रमाणित झाली: संकट कोणतं, कुठं, किती गंभीर, कधीपर्यंत. 'सचेत' यावरच चालतं. इशारा असा एकदा लिहिला की ॲप चार असोत की चौदा, मजकूर तोच राहतो.

आता २२ जुलै २०२१ कडे येऊ. सावित्री आणि गांधारीचं पाणी महाड शहरात शिरलं. त्याच दिवशी तळियेत दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. रस्ते तुटलेले, फोन लागत नव्हते. बचाव पथकं पोचायला दुसरा दिवस उजाडला. फोनवर व्हॉट्सॲप होतं, टेलिग्राम होतं, सगळं होतं. पण ही सगळी ॲप्स एकाच टॉवरवर, एकाच विजेवर आणि जमिनीतल्या त्याच केबलवर उभी असतात. टॉवरची बॅटरी संपली, जनरेटरमध्ये पाणी गेलं, की चारही एकदमच मुकी होतात. वरच्या मजल्यावर आपण चार-चार जिने बांधले आणि तळाला खांब एकच ठेवला.

सेल ब्रॉडकास्टनं यातलं थोडं साधतं. २०२३ मध्ये देशभर फोन अचानक मोठ्यानं वाजले होते, आठवतंय? ती त्याचीच चाचणी. त्याला ॲप लागत नाही, नंबर लागत नाही, गर्दीनं लाइनही तुंबत नाही. पण टॉवर जिवंत लागतो, आणि बोलणं एकाच बाजूनं. डोंगरातल्या वाडीला 'आमच्याकडे दरड आली' हे उलट कळवायचं तर टॉवरवर न अवलंबणारी वाट हवी: सॅटेलाइट फोन, नाहीतर हॅम रेडिओ. हॅमचा परवाना केंद्र सरकारची परीक्षा देऊन मिळतो आणि शाळकरी मुलांनाही ती देता येते. संच गाडीच्या बॅटरीवर चालतो.