धातूंचा प्रवास – लेखांक आठवा : मेघमंडळावरची खाण

गेल्या लेखांकात आपण कोलारच्या सोन्याच्या खाणींतून भूपृष्ठाखाली तीन किलोमीटरांहूनही खोल उतरलो होतो. या आठवड्यात त्याच धातूच्या, आणि त्याच्या सोबतीने येणाऱ्या चांदीच्या, मागे लागून डोंगर चढावयाचा आहे. वडोदरेकरांना या जोडीची अपूर्वाई सांगण्याचे प्रयोजन नाही. खंडेराव महाराजांनी चांदीच्या तोफा करविल्या, म्हणून त्यांच्यामागून गादीवर आलेल्या मल्हाररावांनी भावावर कडी करण्यासाठी सोन्याच्या करविल्या. १८७५ साली मल्हाररावांची गादी गेली, तोफा मात्र राहिल्या. हे धातू या मुलखातून निघालेले नव्हते. सयाजीराव महाराजांनी संस्थानच्या भूमीची शास्त्रीय पाहणी ज्यांच्याकडून करविली, ते रॉबर्ट ब्रूस फूट भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यातून १८९१ साली निवृत्त झालेले, आणि दक्षिणेतील ज्या प्राचीन खडकांत सोने सापडते त्यांना ‘धारवाड’ हे नाव देणारे गृहस्थ. बडोदे संस्थानच्या भूस्तरांवरील त्यांचा ग्रंथ १८९८ साली प्रसिद्ध झाला. अशा माणसाच्या नजरेतून येथील सोने निसटले असते, असे मानण्यास मला तरी जागा दिसत नाही.

आता कोणी विचारील की, पावागड हाही ज्वालामुखीच्याच खडकांचा, त्याच्या माथ्याशी तर रायोलाइट हा सिलिकाबहुल खडकही आहे, आणि अशाच खडकांच्या शेजारी दक्षिण अमेरिकेत सोने मिळते, मग येथेच का नाही? उत्तर असे की नुसता लाव्हा पुरत नाही. अँडीज पर्वताखाली महासागराचे कवच कोट्यवधी वर्षे खंडाखाली सरकत आहे. त्यामुळे वितळलेल्या शिलारसातून निघालेले अतितप्त, गंधकयुक्त पाणी भेगाभेगांतून वर चढते, वर येता येता निवते, आणि निवताना पोटातील सोने, चांदी व गारगोटी त्या भेगांत टाकून देते. तोच पर्वत पुढे उचलला जातो, वरचा थर झिजतो, आणि एके काळी जमिनीखाली शेकडो मीटर असलेली ती शीर चार-पाच हजार मीटर उंचीवर उघडी पडते. उंचीवर सोने सापडते ते अशा रीतीने. उंचीने ते निर्माण होत नाही.

अशा खाणींत सर्वांत ख्यातनाम, किंवा कुख्यात म्हणा, ती आजच्या बोलिव्हियातील पोतोसीची. १५४५ साली तेथे चांदी सापडली आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ४००० मीटरांवर, जेथे धड धान्यही पिकत नाही, तेथे दीडेक लाख वस्तीचे शहर उभे राहिले. आरंभी तेथील मूळ रहिवासी डोंगरउतारावर मातीच्या लहान लहान भट्ट्या मांडीत आणि भात्याऐवजी पर्वतावरच्या सोसाट्याच्या वाऱ्यावर चांदी गाळीत. रात्री सगळा डोंगर त्या भट्ट्यांनी लुकलुकत असे. उंचीने माणसाचे काम फुकट करून दिल्याचे या सबंध विषयात मला आढळलेले हे जवळजवळ एकमेव उदाहरण. सकस खनिज संपले, तेव्हा पाऱ्याने चांदी ओढून काढण्याची रीत आली. त्यासाठी दळणयंत्रे, यंत्रांसाठी पाणी आणि पाण्यासाठी डोंगरमाथ्यावर धरणे आली, आणि १६२६ साली त्यांपैकी एक फुटून शहराचा मोठा भाग वाहून गेला. मजूर मिळवण्यासाठी स्पॅनिश व्हाइसरॉय तोलेदो याने १५७० नंतर जी वेठ लादली, तिच्यापुढे आपल्याकडील वेठबिगारही सौम्य वाटावी. या चांदीचे ‘रियाल’ जहाजांतून सुरतेस येत, तेथील टांकसाळीत वितळून त्यांचे रुपये पाडले जात, आणि ते रुपये गुजरातच्या बाजारपेठांतून खेळत. खंडेरावांच्या तोफांत पोतोसीचा कण नसेलच, अशी शपथ कोणी घेऊ नये.

आपल्या जवळचे उदाहरण पाहिजे असल्यास हिमालय ओलांडावा लागतो. पंडित नैनसिंग हे सर्वेक्षण खात्याचे गुप्त प्रवासी १८६७ सालच्या ऑगस्टात पश्चिम तिबेटातील ठोक जालुंग या सोन्याच्या क्षेत्रावर पोहोचले. उंची १६,००० फुटांहून अधिक, आणि वारा असा की खणणारे लोक आपले तंबू उघड्यावर न ठोकता सात-आठ फूट खोल खड्ड्यांत ठोकीत. भर उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात तेथे तंबूंची संख्या दुप्पट होई, कारण गोठलेली माती ढासळत नाही. ओहोळाचे पाणी वळवून माती धूत आणि तळाशी राहिलेले सोन्याचे कण वेचीत; त्या सर्व क्षेत्रांवर ल्हासा सरकारचा एक अधिकारी नेमलेला असे.

पोतोसीत वेठ चालली, ठोक जालुंगला फावडे व ओहोळ पुरला. आजची खाण मात्र प्रथम कागदावर खणावी लागते. डोंगराला शेकडो छिद्रे पाडून खडकाचे लांबलचक दंडगोल नमुने काढावयाचे, त्यांची प्रयोगशाळेत पारख करून डोंगराच्या पोटातील धातूचा हिशेब मांडावयाचा, मग रस्ता, वीज, पाणी व मजुरांची वस्ती यांचा अंदाज, मग पर्यावरणाची मंजुरी, आणि शेवटी सावकार. हे सारे उरकावयास दहा-पंधरा वर्षे सहज जातात. एक टन खडकात एक ग्रॅम सोने, हा उघड्या खाणीचा चांगला मान समजतात. आपल्या सराफाच्या भाषेत, एका तोळ्यासाठी सुमारे १२ टन खडक, आणि प्रक्रियेत सुटणारा भाग धरला तर त्याहूनही अधिक. वर दूर सारावा लागणारा निरुपयोगी दगड वेगळाच.

यात उंचीची भर पडते. ४००० मीटरांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे ६० टक्के उरतो, म्हणून डंपरच्या इंजिनाचा जोर घटतो, माणसाचे डोके ठणकते व झोप उडते, आणि मजुरांची काही दिवस कामावर, काही दिवस खाली, अशा पाळ्यांनी ने-आण करावी लागते. खनिज फोडून जाड प्लास्टिकच्या अभेद्य अस्तरावर त्याची टेकडी रचतात आणि तीवर सायनाइडचे सौम्य द्रावण ठिबकत ठेवतात. थंडीने नळ्या गोठू नयेत म्हणून त्या खनिजातच पुरतात. खाली झिरपलेल्या द्रावणात सोनेच अधिक असेल, तर ते नारळाच्या करवंटीच्या कोळशावर धरतात. चांदी पुष्कळ असेल, तर द्रावणातील हवा काढून त्यात जस्ताची भुकटी सोडतात. मग दोन्ही धातूंची मिश्र लगड ओततात, तिला डोरे म्हणतात. हे द्रावण ज्या डोंगरावर ठिबकते, त्याच डोंगरातून खालच्या खोऱ्यांची नदी निघते, ही या धंद्याची खरी अडचण. अर्जेंटिनातील वेलादेरो खाणीत २०१५ सालच्या सप्टेंबरात एका नळाची झडप बिघडली आणि सायनाइडमिश्रित द्रावण डोंगरातील ओढ्यात उतरले.

या वेलादेरोच्या शेजारीच पास्कुआ-लामा आहे. खाण चिली व अर्जेंटिना यांच्या सरहद्दीवर, ३८०० ते ५२०० मीटरांच्या दरम्यान; पोटात दीड कोटी औंसांहून अधिक सोने व त्याच्या कित्येक पट चांदी. दोन राज्यांच्या सीमेवर एकच खाण चालावी, यासाठी १९९७ साली दोन्ही सरकारांत तह झाला. ही खाण काढू पाहणाऱ्या बॅरिक कंपनीच्या मूळ योजनेत वाटेतील हिमनद्यांचा बर्फ उचलून दुसरीकडे नेऊन ठेवण्याची तजवीज होती. डोंगरच्या डोंगर हलवणाऱ्यांना बर्फाचा तुकडा हलवणे किरकोळ वाटले असेल. खाली ह्वास्को खोऱ्यात त्याच पाण्यावर द्राक्षे व फळबागा काढणाऱ्या शेतकऱ्यांना ते किरकोळ वाटले नाही. त्यांच्या तक्रारीनंतर २००६ च्या मंजुरीत हिमनद्यांना हात लावू नये, ही अट पडली. २००९ मध्ये काम सुरू झाले, खर्चाचा सुमारे तीन अब्ज डॉलरांचा अंदाज पुढे साडेआठ अब्जांपर्यंत चढला. २०१३ च्या एप्रिलात दियागिता जमातीच्या अर्जावरून न्यायालयाने काम थांबवले, मे महिन्यात पाण्याची व्यवस्था नीट न केल्याबद्दल सरकारने १.६ कोटी डॉलरांचा दंड ठोठावला, आणि ऑक्टोबरात कंपनीने स्वतःच हात आखडता घेतला. २०१८ साली चिलीच्या पर्यावरण खात्याने आपल्या बाजूची खाण कायमची बंद करण्याचा हुकूम काढला, २०२० साली न्यायालयाने तो कायम केला. सोने जेथे होते तेथेच आहे. परंतु उकरलेल्या उतारांवरून वितळणारे पाणी अडवण्याचा व स्वच्छ ठेवण्याचा खर्च, एक औंसही न विकता, कंपनीला करावा लागत आहे.

पुढील लेखांकात डोरेची लगड घेऊन आपण शुद्धीकरणाच्या कारखान्यात जाऊ, व सोन्यापासून चांदी वेगळी कशी करतात ते पाहू.