तीन यंत्रं, दोन लिप्या, एक फोल्डर

बीदर जिल्ह्यातल्या भालकीच्या एका छापखान्यात एकाच लग्नाची पत्रिका कन्नडमध्ये निघते आणि मराठीतही. मुलगी कर्नाटकातल्या औरादची, मुलगा महाराष्ट्रातल्या उदगीरचा असला की दोन्ही लागतातच. कन्नड टायपिंग विंडोजवर, कारण त्यासाठीचं 'नुडी' सॉफ्टवेअर तिथं आहे. सजावट जुन्या मॅकवर. बिलं आणि आधीची कामं उबुंटूच्या यंत्रावर. फाइली फिरायच्या पेनड्राइव्हवरून, व्हायरससकट. तिन्ही यंत्रांना मिळून एक सुरक्षित फोल्डर करून द्यायचं काम माझ्याकडे आलं.

उबुंटूवर सांबा बसवलं. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1992 च्या सुमारास सुरू केलेला हा प्रोग्राम विंडोजशी एसएमबी या त्याच्याच फाइल वाटपाच्या पद्धतीनं बोलतो. 2013 पासून ॲपलही फाइल वाटपासाठी तिलाच पहिली पसंती देतं. पाहुण्यांना प्रवेश बंद केला, प्रत्येकाला वेगळं नाव आणि पासवर्ड दिला. सेटिंगमध्ये दोन ओळी घातल्या: किमान आवृत्ती एसएमबी 3, आणि एन्क्रिप्शन सक्तीचं. राउटरवरून एसएमबीचा 445 नंबरचा पोर्ट बाहेर उघडायचा नाही, हे मालकांना कागदावर लिहून दिलं. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस एसएमबी 1 मधल्या भगदाडातूनच यंत्रायंत्रांत पसरला होता.

कोपऱ्यात विंडोज 7 चं एक चौथं यंत्रही होतं. त्याला एसएमबी 3 येत नाही. त्याच्यासाठी नियम सैल करा, असा आग्रह झाला. मी मानला नाही. एका यंत्राच्या सोयीसाठी सगळ्यांचं दार उघडं ठेवणं मला पटत नाही.

पण दिवस खाल्ला तो फाइलींच्या नावांनी. 'शेतकऱ्यांच्या मेळाव्याचं पत्रक' फोल्डरमध्ये दोनदा दिसत होतं, हुबेहूब त्याच नावानं. एक प्रत विंडोजवरची, दुसरी मॅकवरून झिपमध्ये आलेली. युनिकोडमध्ये 'ऱ' दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा 'र' आणि त्याखाली नुक्ता. जुन्या मॅकची एचएफएस प्लस व्यवस्था नाव साठवतानाच अक्षर फोडते. विंडोज टाइप केलं तसं ठेवतं. उबुंटू फक्त बाइट बघतं, म्हणून त्याच्या लेखी ही नावं वेगळी. कन्नडचंही तसंच. 'बीदर' कन्नडमध्ये लिहिताना येणारी दीर्घ ईची मात्रासुद्धा दोन तुकड्यांत फुटते, म्हणजे जिल्ह्याचं नावही सुटत नाही. दुरुस्ती एका प्रतीत झाली आणि छपाईला दुसरी गेली, तर एन्क्रिप्शन त्याला काय करणार?

कॉन्व्हएमव्ही नावाचं साधन अशी नावं एकसारखी करतं. ते आधी नुसतं काय बदलेल ते दाखवतं. वेगळी आज्ञा दिल्याशिवाय हात लावत नाही. ती यादी ऑपरेटरांसोबत बसून वाचली, दुहेरी फाइली उघडून पाहिल्या, मगच बदल केला.

लांबीचंही भान ठेवावं लागतं. लिनक्समध्ये नावाला 255 बाइटांची मर्यादा असते, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, 3 बाइट घेतं. एकट्या 'शेतकऱ्यांच्या' या शब्दाला 39 बाइट लागतात. विंडोजवर सहज बसलेलं लांबलचक शीर्षक इथं साठवलंच जात नाही. म्हणून नावाची रीत ठरवली: आधी तारीख, मग कामाचा क्रमांक, पुढं फार तर दोन शब्द. दोन्ही पत्रिकांना क्रमांक एकच, शेवटी मराठीला 'म' आणि कन्नडला 'क'.