उद्यानाच्या कोपऱ्यातली राई

नगरपालिकेचे उद्यान म्हटले की हिरवळ, मेंदीचे कुंपण, दोन घसरगुंड्या आणि चार शोभेचे पाम. मे महिन्याच्या दुपारी तिथे कोणी फिरकत नाही, कारण सावलीच नसते. त्याच उद्यानात शंभर चौरस मीटरचा तुकडा मिळाला, तर तीनशे-चारशे स्थानिक रोपांचे दाट रान उभे राहू शकते. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी (१९२८–२०२१) यांची ही पद्धत. मुंबई महापालिकेने २०२० पासून ती अनेक मोकळ्या भूखंडांवर राबवली.

मियावाकींनी धडा घेतला तो जपानी देवस्थानांभोवती राखलेल्या जुन्या रानांवरून. सिंधुदुर्गाला हे नवे नाही. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथली रानजायफळाची दलदल देवराई म्हणून राखली गेली म्हणूनच वाचली. २०२१ मध्ये ती जैवविविधता वारसा स्थळ झाली.

तेव्हा मालवण-वेंगुर्ल्याच्या उद्यानात काय लावावे, हे जवळच्या राईत जाऊन पाहावे. किनाऱ्यालगत खारा वारा सोसणारी उंडी आणि करंज. थोडे आत सुरंगी, बकुळ, रातांबा, जांभूळ, किंजळ. खाली करवंद, दिंडा. रोपे जवळजवळ लावली की उजेडासाठी चढाओढ करत वर जातात. काही मरतात, ते धरूनच चालायचे.

खरी अडचण बियांची. जांभूळ, फणस यांचे बी सुकले की मरते. ते ताजेच रुजवावे लागते. एवढी खटपट नको म्हणून सुरू, ऑस्ट्रेलियन बाभूळ, ग्लिरिसिडिया अशी हाताशी असतील ती रोपे लावायची आणि त्याला ‘मियावाकी’ म्हणायचे, ही निव्वळ फसवणूक. शिवाय जांभ्याची जमीन पाणी धरत नाही. जुलैत फोटो सगळेच काढतात. एप्रिलमध्ये पाणी कोण घालणार, हे आधी ठरवावे. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी, तणकाढणी आणि पातेऱ्याचे आच्छादन लागतेच.

एवढ्या तुकड्याने शहराचा उकाडा उतरणार नाही. पण पानांतून उडणारी वाफ आणि सावली यांमुळे कडेच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला फरक नक्की जाणवतो.

कातळसडे मात्र या उत्साहातून वगळावेत. उन्हाळ्यात ते ओसाड दिसतात, पण पावसाळ्यात तिथे गवतफुलांचे वेगळेच जग असते. तिथे माती ओतून रान उठवायचे कारण नाही. उद्यानात हिरवळीखाली जागा पुष्कळ आहे.