पावसानंतरचा पहिला चढ

हिमालयातील चढाईचा हंगाम बर्फ वितळू लागले म्हणजे सुरू होतो. सह्याद्रीतील हंगाम पाऊस ओसरला म्हणजे. नैऋत्य मोसमी वारे ऑक्टोबरच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातून बहुधा माघार घेतात. त्या सुमारास उतारांवर सोनकीची पिवळी फुले डुलत असतात, ओढे वाहते असतात आणि हवा धुतल्यासारखी निर्मळ असते. डोंगर सर्वांत देखणा असतो तो याच दिवसांत. आणि सर्वांत फसवाही याच दिवसांत. असे का व्हावे?

उदाहरणादाखल ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील गोरखगड घेऊ. देहरी गावामागे उभा असलेला हा सुळका उंचीने फार नाही, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर. गोरखनाथांचे साधनास्थान म्हणून परंपरा त्याला मान देते. शेजारीच मच्छिंद्रगड आहे. रानातून वाट चढते, मग कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात, पुढे गुहा व पाण्याची टाकी येतात. गुहेपासून माथ्यावरील महादेवाच्या मंदिरापर्यंत पुन्हा उभ्या पायऱ्या आहेत. येथे दोरखंडाची विद्या सहसा लागत नाही. परंतु हात टेकल्यावाचून नुसत्या पायांनी भागतही नाही.

सह्याद्रीचा हा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला लाव्हा. घट्ट थरांचे कडे झाले, मऊ थर झिजून त्यांच्या पट्ट्या व उतार झाले. पावसाचे पाणी कातळाच्या भेगांतून खाली मुरते आणि मऊ थरापाशी अडून बाहेर झिरपते. म्हणूनच आकाश निरभ्र झाल्यावरही कडा कित्येक दिवस पाझरत राहतो. ज्या बाजूस ऊन पोहोचत नाही तेथे शेवाळ तग धरते. पायऱ्यांच्या खोबणीत माती साचलेली असते. पावसाने दगडांखालची माती वाहून नेलेली असते, त्यामुळे वरून भक्कम दिसणारा धोंडा प्रत्यक्षात अधांतरी असू शकतो. आणि कमरेएवढे गवत हे सारे झाकून टाकते.

यावरूनच चढण्याचे नियम निघतात. दोन हात व दोन पाय या चारांपैकी एका वेळी एकच हलवावा. उरलेले तीन पक्के असावेत. आधाराचा दगड आधी थोपटून पाहावा. पोकळ आवाज आला तर त्यावर भार टाकू नये. गवताला धरून वर ओढून घेऊ नये, कारण त्याची मुळे भिजल्या मातीत असतात. दगड निसटलाच तर खालच्यांना तत्काळ ओरडून सावध करावे. ऑक्टोबरात दुपारनंतर वळवासारखे मेघ जमून विजा कडाडतात, म्हणून पहाटे निघून माध्यान्हीपूर्वी माथा सोडावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट उतरण्याची. चढताना पुढचा आधार डोळ्यांसमोर असतो. उतरताना तो पायाखाली दडलेला असतो, आणि शरीर थकलेले असते. उभ्या पायऱ्यांवर कातळाकडे तोंड करूनच उतरावे. प्रत्येक अवघड जागी स्वतःला एकच प्रश्न करावा : येथून मी खाली येऊ शकेन काय? उत्तर निःशंक नसेल तर तेथूनच परतावे; पुढे गेल्यावर परतणे अधिकच कठीण होत जाते.

अशा वेळी गावातील जाणत्या माणसास ‘वरचा कातळ सुकला का?’ असे विचारणे हिताचे. तो ‘अजून नाही’ म्हणाला, तर गुहेपर्यंतची वाट नीट पारखून तेथेच थांबावे. गुहेच्या ओसरीतून समोरचा मच्छिंद्रगड आणि रान पाहण्यात सकाळ सहज सरते. तेवढीही सफर पुरेशी असते.