मोटारीचा क्रमांक आणि तिचा रंग

अरुंद गल्लींतून गाडी बाहेर काढतांना भिंतीला दार घासतें आणि पांढऱ्या पत्र्यावर वीतभर ओरखडा उठतो. नुकसान क्षुल्लक असतें. परंतु दुरुस्ती होऊन गाडी घरीं परत येते तेव्हां खरी निराशा पदरीं पडते. गॅरेजांतील दिव्याखालीं जें दार निर्दोष दिसलें, तेंच उन्हांत शेजारच्या दारापेक्षां किंचित् पिवळट भासूं लागतें. मालक रंगाऱ्याला दोष देतो, रंगारी डब्याकडे बोट दाखवितो. वस्तुतः चूक बहुधा त्याच्याही आधीं झालेली असते. गाडीचा रंग ‘पांढरा’ एवढेंच सांगून काम सोपविण्यांत आलेलें असतें. आणि मोटारींच्या जगांत पांढरा हा एक रंग नव्हे, अनेक रंगांचें तें एक सामान्य नांव आहे.

एके काळीं ही अडचण फारशी नव्हती. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यांतील सुप्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडी १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्या रंगांतच मिळत असे. पुढें ड्यू पाँ कंपनीनें ‘ड्यूको’ नांवाचा लवकर वाळणारा रंग तयार केला आणि १९२४ सालच्या ओकलंड मोटारी त्या रंगाच्या निळ्या छटेंत बाजारांत आल्या. लाकडी कपाटांना देण्याच्या गुळगुळीत रंगाला महाराष्ट्रांत अद्यापि ‘ड्यूको’ म्हणतात, तो शब्द मूळचा येथला. रंग वाळण्यास लागणारा वेळ कमी होतांच मोटारींना नाना रंग देणें कारखानदारांना परवडूं लागलें. रंग वाढले, तशी त्यांची नोंद ठेवण्याची गरजही वाढली.

या गरजेंतून रंग-संकेत, म्हणजेच ‘कलर कोड’, रूढ झाला. प्रत्येक कंपनी आपल्या प्रत्येक छटेला अंकांचा किंवा अक्षरांचा एक संकेत देते. टोयोटा कंपनीचा साधा पांढरा रंग ०४० या संकेतानें ओळखला जातो. तिचाच मोत्यासारखी झांक असलेला पांढरा रंग ०७० या संकेताचा आहे. पहिला साधा, एकजिनसी रंग आहे. दुसऱ्यांत आधीं पांढरा थर, त्यावर मोतिया थर आणि शेवटीं पारदर्शक थर द्यावा लागतो. नोंदणी-पुस्तकांत दोन्ही गाड्या पांढऱ्याच ठरतात. परंतु एकीचा रंग दुसरीच्या दाराला लावला तर तें ठिगळ दुरूनही लपत नाहीं. नांवावर विसंबण्यांत धोका आहे तो हा.

आतां हा संकेत शोधावा कोठें? पुष्कळांची अशी समजूत असते कीं, तो मोटारीच्या ओळख-क्रमांकांतच दडलेला असतो. ज्याला गॅरेजांत ‘चासी नंबर’ म्हणतात तोच हा क्रमांक. त्याच्या रचनेचें आंतरराष्ट्रीय प्रमाण १९७७ सालीं ठरविण्यांत आलें, आणि १९८१ पासून अमेरिकेंत सतरा स्थानांचा क्रमांक बंधनकारक झाला. एक व शून्य यांच्याशीं घोटाळा होऊं नये म्हणून आय, ओ आणि क्यू हीं तीन अक्षरें त्यांत कधींच येत नाहींत.

या सतरा स्थानांची वांटणी ठरलेली आहे. पहिलीं तीन स्थानें गाडी कोणी व कोठें बनविली हें सांगतात. मारुती सुझुकीच्या भारतांत बनलेल्या गाडीचा आरंभ ‘एम ए ३’ असा, तर टाटांच्या गाडीचा ‘एम ए टी’ असा असतो. चौथ्यापासून नवव्यापर्यंतचीं स्थानें गाडीचा प्रकार, सांगाडा, इंजिन इत्यादि गोष्टींसाठीं राखलेलीं असतात. अमेरिकेंत व कॅनडांत नववें स्थान क्रमांक खरा कीं खोटा हें पडताळण्यासाठीं वापरतात. दहाव्यापासून पुढच्या आठ स्थानांत बहुधा वर्षाचा आणि कारखान्याचा निर्देश येतो आणि शेवटीं अनुक्रमांक येतो.

या वांटणींत रंगाला कोठेंही जागा नाहीं. एकाच कारखान्यांतून एकामागोमाग एक अशा दोन सारख्या गाड्या बाहेर पडल्या, एक पांढरी व दुसरी तांबडी, अशी कल्पना करावी. त्यांचे क्रमांक अनुक्रमांकापुरते, आणि जेथें पडताळ्याचा अंक असतो तेथें त्या अंकापुरते भिन्न असतील. तेव्हां क्रमांकाकडे कितीही निरखून पाहिलें तरी त्यांतून रंग वाचतां येणार नाहीं.

मग या क्रमांकाचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे, पण तो किल्लीचा आहे. पेटींतील ऐवजाचा नव्हे. कारखान्यांतून गाडी बाहेर पडतांना तिच्या क्रमांकासमोर तिचा रंग कंपनीच्या दप्तरीं नोंदला जातो. अधिकृत विक्रेत्याच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर हा क्रमांक दिला म्हणजे तेथील माणूस संगणकावर ती नोंद काढून बहुधा संकेत सांगूं शकतो. क्रमांक टाकतांच रंग सांगण्याचें आश्वासन देणाऱ्या संकेतस्थळांची परीक्षाही याच कसोटीवर करावी. त्यांच्यामागें कंपनीची नोंद असेल तर उत्तर मिळेल. नुसती अक्षरांची फोड करणारें स्थळ रंगाविषयीं केवळ तर्क करील.

विक्रेत्याकडे जाण्यापूर्वीं गाडीच एकदां नीट तपासावी. पुष्कळ गाड्यांत रंग-संकेत एका लहान पट्टीवर अथवा चिकटपत्रावर छापलेला असतो. चालकाचें दार उघडल्यावर दिसणारा खांब, बॉनेटच्या खालचा भाग, हीं पाहण्याचीं पहिलीं ठिकाणें होत. फोक्सवॅगनच्या अनेक गाड्यांत तें चिकटपत्र डिकींत, जादा चाकाच्या खोबणीजवळ आढळतें. टोयोटाच्या पट्टीवर ‘सी/टी आर’ या अक्षरांपुढें दोन संकेत येतात. त्यांतील पहिला बाहेरच्या रंगाचा आणि दुसरा आंतील सजावटीचा. घाईनें दुसराच उतरवून घेतल्यास सगळा खटाटोप व्यर्थ जातो. म्हणून संकेत कागदावर लिहून घेण्यापेक्षां पट्टीचें छायाचित्रच काढून ठेवावें.

संकेत हातीं आला म्हणजे रंगाच्या दुकानांत कंपनी, गाडीचें वर्ष आणि संकेत या तीन गोष्टी सांगाव्या. त्यावरून दुकानदाराला मिश्रणाचें प्रमाण मिळतें आणि तो निरनिराळे मूळ रंग तराजूवर तोलून एकत्र करतो. तथापि येथेंही काम संपत नाहीं. एकाच संकेताच्या रंगांत कारखान्यागणिक व घाणागणिक सूक्ष्म फरक पडतो, आणि वर्षानुवर्षें उन्हांत उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग तर मूळचा राहिलेलाच नसतो. धातूची चमक असलेल्या रंगांत फवारा किती ओला, किती दुरून मारला यावरही छटा बदलते. यासाठीं जाणता रंगारी प्रथम एका पत्त्यावर तो रंग फवारून, वाळवून, दिवसाच्या उजेडांत गाडीशेजारीं धरून पाहतो. आणि नवा रंग एकदम न थांबवितां शेजारच्या पत्र्यावर हळूहळू विरवीत नेतो. दुरुस्तीपूर्वीं मालकानें असा नमुना मागून घ्यावा. त्यांत संकोच बाळगण्याचें कारण नाहीं.

एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवली पाहिजे. क्रमांकावरून निघणारा संकेत गाडी जन्मली त्या दिवसाचा आहे. मध्यंतरीं कोणी तिचा रंग बदलला असेल तर दप्तराला त्याची वार्ता नसते. परंतु हीच उणीव जुनी गाडी विकत घेणाऱ्याच्या पथ्यावर पडते. दप्तरांतील रंग एक, नोंदणी-पुस्तकांतील नांव दुसरें आणि डोळ्यांसमोरचा पत्रा तिसराच, असें दिसल्यास कारण विचारलेंच पाहिजे. एखादेंच दार किंवा मडगार्ड निराळ्या छटेचें असेल तर तें पुन्हां रंगविलेलें असण्याचा संभव असतो. कारण कदाचित् साधा ओरखडा असेल. कदाचित् मोठा अपघातही असेल. ज्या गाडींत घरचीं माणसें बसावयाचीं, तिच्या बाबतींत हा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाहीं.

सारांश, क्रमांक रंग सांगत नाहीं. रंग ज्या दप्तरांत लिहिला आहे तें दप्तर तो उघडून देतो. दप्तरांतून संकेत मिळतो, संकेतावरून मिश्रण होतें. परंतु मिश्रण गाडीशीं जुळलें कीं नाहीं याचा निवाडा शेवटीं दिवसाच्या उजेडांत डोळ्यांनींच करावा लागतो.