कतरणीतले घुबड

घुबड दिसले की ‘मनहूस’ म्हणून दगड मारणारे आपल्यातही आहेत. वास्तविक घुबडाचा अपशकुन ही जाहिलियतच्या काळातील समजूत. हदीस शरीफने ती नाकारली आहे. हा पक्षी उंदीर खाऊन धान्य वाचवतो. उंदरांची नासाडी वाशीच्या दाणा बाजाराला वेगळी सांगायला नको.

पुणे जिल्ह्यातील पिंगोरी गावी इला फाउंडेशनने नोव्हेंबर २०१८ मध्ये घुबड महोत्सव भरवला. त्यात मुलांची चित्रे, हस्तकला होती. नवी मुंबईतील आम्हा कापड व्यापाऱ्यांना यात काम आहे. आमची कतरण किलोच्या भावाने जाते. तीच शाळांना द्यावी. तपकिरी कापडाची छोटी पिशवी, आत चिंध्या, डोळ्यांना दोन मोठी बटणे, पिवळ्या तुकड्याची चोच, घुबड तयार! शिलाई जाणणाऱ्या भगिनींनाही चार पैसे मिळतील. मुलांच्या खेळण्यांना अनेक उलेमांनी सवलत दिली आहे. शंका असल्यास आपल्या आलिमांना विचारावे.

दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडे चोरून विकली जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे. धंदा करायचाच तर कापडी घुबडाचा करावा. त्यात भांडवल थोडे, कमाई हलाल आणि मुलांच्या मनातला वहमही जाईल.